हृदयरुग्णाचा उन्हाळा: ताकात मीठ घालावे की नाही?

प्रश्न (अकोल्याहून)

माझे वडील 68 वर्षांचे असून दोन वर्षांपूर्वी त्यांची अँजिओप्लास्टी झाली आहे. हृदयाचे पंपिंग कमी असल्याने डॉक्टरांनी मीठ कमी करायला आणि दिवसभरात दीड लिटरच द्रव घ्यायला सांगितले आहे. रक्तदाबासाठी टेल्मिसार्टन आणि सूज उतरवण्यासाठी लघवीची गोळी सुरू आहे. एप्रिलमध्ये आमच्याकडे पारा 44 च्या घरात गेला की येणारा प्रत्येक जण त्यांना मीठ-साखरेचे पाणी, पन्हे नाहीतर शहाळे पाजण्याचा आग्रह धरतो. गेल्या मे महिन्यात दुपारी झोपेतून उठताना त्यांना भोवळ आली, रक्तदाब 96/60 निघाला, म्हणून त्यांनी कोणालाही न विचारता चार दिवस गोळ्या बंद ठेवल्या आणि पाचव्या दिवशी दोन्ही पाय सुजले. आता ऐकायचे तरी कोणाचे?

उत्तर 1 (निवृत्त फिजिशियन)

"भरपूर पाणी प्या, मीठ-साखर घ्या" हा सल्ला शेतात राबणाऱ्या धडधाकट माणसासाठी योग्य आहे. तुमच्या वडिलांना तो जसाच्या तसा लावता येणार नाही. उन्हाळ्यात शरीर थंड ठेवण्यासाठी त्वचेतील रक्तवाहिन्या रुंदावतात, त्यामुळे रक्तदाब उतरतो आणि हृदयाला जास्त वेळा धडधडावे लागते. त्यातच घामाने पाणी जाते आणि लघवीच्या गोळीनेही जाते, म्हणून भोवळ आली असण्याची शक्यता मोठी आहे. मात्र गोळ्या परस्पर बंद करणे हा त्यावरचा उपाय नव्हे. मार्चमध्येच डॉक्टरांना भेटून उन्हाळ्यापुरती मात्रा आणि पाण्याची मर्यादा बदलायची का, हे विचारून ठेवा.

ओआरएस, म्हणजे जुलाबात देतात ते मीठ-साखरेचे पाणी, त्याविषयी एक हिशेब सांगतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते प्रौढाने दिवसभरात 5 ग्रॅमपेक्षा कमी मीठ खावे, म्हणजे सोडियम 2 ग्रॅमच्या आत. आणि ओआरएसच्या एका लिटरमध्येच सुमारे 1.7 ग्रॅम सोडियम असते. जुलाब-उलट्यांमध्ये ते अमृत आहे, पण अशा रुग्णाने सरबत म्हणून रोज पिण्याची ती गोष्ट नाही. वजनकाटा मात्र घ्याच. सकाळी शौचानंतर, चहाआधी वजन करून वहीत लिहा. दोन-तीन दिवसांत दोन किलो वाढले तर पाणी साठते आहे असे समजून डॉक्टरांना कळवा, आणि वजन झपाट्याने उतरून चक्कर येत असेल तरीही कळवा.

उत्तर 2 (वर्धा, गृहिणी)

माझ्या सासूबाईंनाही मीठ बंद असल्याने हा प्रश्न मी चुलीपाशी सोडवला आहे, असे म्हणायला हरकत नाही. ताक पातळ करून त्यात भाजलेल्या जिऱ्याची पूड, किसलेले आले आणि चुरगळलेला पुदिना घालावा. आठवडाभर ते बेचव लागते, मग जीभ सरावते. ज्वारीची आंबील त्याच ताकात, मीठ न घालता होते. पन्ह्यात गूळ निम्मा करून वेलची वाढवली तर साखरेचाही भार कमी होतो. सैंधव चालते हा गैरसमज आमच्या घरीही होता, पण तेही जवळपास सगळे सोडियम क्लोराइडच आहे.

खरा घात वाळवणाने होतो. लोणच्यासाठी 1 किलो कैरीच्या फोडींना मी 200 ग्रॅम मीठ लावते, आणि ताकात मुरवलेल्या मिरच्यांतले मीठ तर वाळल्यावर बोटाला पांढरे लागते. पापडात मिठाखेरीज पापडखार असतो आणि त्यातूनही सोडियमच जाते. सासूबाईंसाठी मी कैरी-कांद्याची ताजी कोशिंबीर आणि बिनमिठाची जवसाची चटणी करते. चटणीत लसूण आणि आमचूर सढळ हाताने घातला की तक्रार येत नाही.

उत्तर 3 (नागपूर, बायपास झालेला)

मी मे महिन्यात पहाटे साडेपाचला अर्धा तास चालतो आणि ऊन चढण्याआधी घरी परततो. संध्याकाळी सहालाही डांबरी रस्ता तापलेला असतो, म्हणून त्या वेळी चालणे सोडले. पाण्याचा हिशेब चुकू नये म्हणून मोजून भरलेली बाटली वेगळी ठेवतो, आणि चहा, ताक, आमरस घेतला की तेवढे पाणी तिच्यातून कमी करतो. झोपेतून उठल्यावर दोन मिनिटे खाटेच्या कडेला बसूनच उभा राहतो.

प्रश्नकर्ती

मनापासून आभार. शहाळ्याचे मात्र राहिले. ते तरी निर्धोक आहे ना?

उत्तर 1 (निवृत्त फिजिशियन)

तुमच्या वडिलांसाठी नाही, निदान रोज तरी नाही. एका शहाळ्यातून साधारण अर्धा ग्रॅम पोटॅशियम जाते आणि टेल्मिसार्टनमुळे ते शरीराबाहेर पडण्याचे प्रमाण घटते. मूत्रपिंड कमजोर असेल तर रक्तातले पोटॅशियम वाढून हृदयाचे ठोके बिघडू शकतात. बाजारातील "कमी सोडियमचे मीठ" याच कारणाने विचारल्याशिवाय आणू नका, कारण त्यात पोटॅशियम क्लोराइड असते. क्रिएटिनिन (मूत्रपिंड किती काम करते हे त्यावरून कळते) आणि पोटॅशियमची रक्ततपासणी करून घ्या आणि तो अहवाल दाखवून शहाळ्याचे विचारा. दरम्यान पाहुण्यांनी शहाळे आणलेच, तर ते पाहुण्यांनाच द्यावे.