मदत हवी आहे: फेजच्या प्रयोगातला एक मुद्दा अडलाय
नमस्कार मंडळी, मी खानापूरकडची, बेळगावात बीएस्सीला आहे, दहावीपर्यंत मराठी शाळेत शिकले. शनिवारी सेमिनार आहे आणि मी हर्षी आणि चेस या शास्त्रज्ञांचा १९५२ चा बॅक्टेरियोफेजचा (बॅक्टेरियाला लागण करणारा विषाणू, थोडक्यात फेज) प्रयोग घेतलाय. खूण म्हणून किरणोत्सारी फॉस्फरस-३२ फेजच्या डीएनएत, किरणोत्सारी सल्फर-३५ त्याच्या प्रोटीनमध्ये, मग बॅक्टेरियाला चिकटलेली फेजची रिकामी टरफलं मिक्सरमध्ये फिरवून सुटी केली, इथवर छान कळालं, शेंगा फोडून दाणे वेगळे करावेत तसं. पण थोडं सल्फर बॅक्टेरियासोबत राहिलंच होतं की, मग डीएनएच आत जाऊन काम करतं हे कसं मानलं? नव्या फेजमध्ये फॉस्फरस उतरला, सल्फर जवळजवळ नाहीच, एवढं उत्तर पुरतं काय? सर हेच विचारणार, कुणीतरी मराठीतनं नीट समजावून सांगा की, प्लीज.