लिस्बनमध्ये तीन महिने: एका दिवसात कुठे जाऊन यावं?

अनुजा_प
लेक दिवसभर ऑफिसात, मी मोकळी. बेलेमचा मनोरा, जेरोनिमूश मठ पाहून झाले. आता इथली माणसं रोज जातात तिथे जायचंय. सकाळी निघून उजेडात परत, एकटीने. गुडघे कुरकुरतात, म्हणून चढ नको (या शहरात हे म्हणणं म्हणजे विनोदच!).

खलाशी
ताई, आधी नावेगान्ते मेट्रोपोलितानो पास काढा. महिन्याला ४० युरो. लिस्बन धरून १८ नगरपालिकांतल्या बस, मेट्रो, लोकल, फेरीबोटी त्यात येतात. कश्कायश, सिंत्रा, सेतुबालसुद्धा! मात्र तो १ तारखेपासून महिनाअखेरपर्यंतच चालतो, २० तारखेला काढलात तर पैसे पाण्यात. सुरुवात काईश दू सोद्रेहून कासिल्याशच्या बोटीने करा. दहाएक मिनिटांत तेजू नदीपलीकडे. कामावरून परतणाऱ्या लोकांबरोबर संध्याकाळची बोट पकडा, टूरिस्ट बोटीपेक्षा छान.

रिकामटेकडी
सिंत्राचा पेना राजवाडा डोंगरावर आहे, वर आत जायची वेळ आधी ठरवून तिकीट घ्यावं लागतं. तुमच्या गुडघ्यांसाठी माझं मत सेतुबालला. तिथला लिव्रामेंतु बाजार, निळ्या चित्रफरश्यांच्या भिंतीखाली मासळीचे गाळे. सकाळीच जा, सोमवारी बंद. घराजवळ हवं तर मंगळवारी-शनिवारी फैरा दा लाद्रा, जुन्या वस्तूंचा बाजार. घ्यायचं काही नसलं तरी घासाघीस ऐकायला जावं.

अनुजा_प
मासळी म्हटलीत, ठरलं! एव्होरालाही पास चालतो का?

खलाशी
नाही, तिकीट वेगळं. रेल्वेने साधारण दीड तास.