'डेटम'ला मराठीत काय म्हणावं?

प्रश्न: जमीन मोजणीच्या एका माहितीपत्रकाचं भाषांतर करतोय. 'डेटम'ला मी 'आधारपातळी' लिहिलं. पण पुढे वाक्य येतं, 'डेटम बदलला की अक्षांश-रेखांश बदलतात.' पातळीमुळे रेखांश कसे बदलतील?

उत्तर: नाही बदलणार. 'पातळी' फक्त उंचीला चालते. आडव्या मोजणीत डेटम म्हणजे पृथ्वीचा आकार कोणता धरला आणि तो कुठे टेकवला, हे ठरवणं. विल्यम लॅम्बटन या इंग्रज सर्वेक्षकाने १८०२ मध्ये मद्रासला पायारेषा, म्हणजे त्रिकोणांची पहिली बाजू, मोजली, तिथून त्रिकोणामागून त्रिकोण जोडत देशभराचं जाळं झालं. त्यासाठी धरलेला पृथ्वीचा आकार जॉर्ज एव्हरेस्ट या सर्वेक्षकाचा, १८३० चा. टेकवला मध्य प्रदेशातल्या कल्याणपूरला. उपग्रह मात्र पृथ्वीच्या वस्तुमानकेंद्राभोवती फिरतात, म्हणून जीपीएसचा डेटम डब्ल्यूजीएस-८४ तिथूनच मोजतो. मुंबईतल्या एकाच दगडाचे या दोन डेटमांतले आकडे शंभरेक मीटरने वेगळे पडतात, दगड मात्र जागचा हललेला नसतो!

मोजणीतले एक जण: आमच्याकडे सगळे 'डेटम'च म्हणतात. तेही अलीकडे. शंकू-साखळी आणि फलकयंत्राच्या काळात गावातलं तिकाटणं, म्हणजे तीन हद्दी मिळतात ती जागा, सापडलं, बांधाच्या जुन्या खुणा जुळल्या, की गटाची मोजणी व्हायची. कल्याणपूरशी कुणाला देणंघेणं? आता रोव्हर, म्हणजे हातात घेऊन फिरायचं उपग्रह-यंत्र, सर्व्हे ऑफ इंडियाच्या कॉर्स स्थानकांकडून (उपग्रहांचे संकेत सतत नोंदवणाऱ्या कायमच्या ठाण्यांकडून) दुरुस्ती घेतो आणि काही सेंटिमीटरपर्यंत जागा सांगतो. जुना नकाशा त्यावर बसवायचा, तर डेटम आधी विचारावा लागतो.

प्रश्न: मग उंचीच्या रकान्यात 'समुद्रसपाटीपासून' लिहू ना?

उत्तर: थांबा. उपग्रहावरून मिळणारी कच्ची उंची गुळगुळीत गणिती आकारापासूनची असते. समुद्रसपाटी गुरुत्वाकर्षणाप्रमाणे त्या आकाराच्या वरखाली जाते. मुंबईच्या किनाऱ्यावर ही कच्ची उंची उणे साठ मीटरच्या आसपास भरते. तिथे 'समुद्रसपाटीपासून' लिहिलंत तर गिरगाव चौपाटी बुडालीच.

आणखी एक मुद्दा: 'स्थिर बिंदू' लिहिलं असेल तर तेही बघा. भारताचा भूपट्ट वर्षाला सुमारे पाच सेंटिमीटर ईशान्येकडे सरकतो. ऑस्ट्रेलिया सातेक सेंटिमीटर सरकतो. १९९४ च्या डेटमवरून २०२० च्या डेटमवर जाताना तिथले आकडे १.८ मीटरने बदलले. मी 'कायम खूण' लिहीन.

प्रश्नकर्ता: 'डेटम'च ठेवतो, पहिल्या वापराशी एका ओळीत अर्थ देतो. उंची नेमकी कुठली आहे, ते मूळ मजकूर देणाऱ्यांनाच विचारतो.