प्रत्येक राज्यातलं सगळ्यात उंच शिखर, कोणी करतंय का?

मंडळी, कळसूबाई (१६४६ मी.) तीनदा झालं, आता बाकीच्या राज्यांची शिखरं करायचीत. बाबांना पण न्यायचंय, त्यांचे गुडघे दुखतात. सुरुवात कुठून करू?

डोंगरवेडी: दादा, बाबांना आधी गुरुशिखरला न्या, राजस्थानातलं, १७२२ मी., माउंट अबूवरून गाडी पार वरपर्यंत जाते, मग थोड्या पायऱ्या आणि दत्ताचं दर्शन. मध्य प्रदेशातलं पचमढीचं धूपगडही तसंच, सूर्यास्त चुकवू नका. गिरनार मात्र त्यांना नको, हजारो पायऱ्या आहेत, उतरताना माझ्याच पोटऱ्या थरथरत होत्या, कठड्याला धरून बसले होते मी.

सह्यभटक्या: कर्नाटकातलं मुळ्ळयनगिरी पण सोपं. पण सगळी राज्यं होणार नाहीत हे धरून चला, केरळचं अनामुडी (२६९५ मी.) एरविकुलम राष्ट्रीय उद्यानात आहे, तिथे परवानगीशिवाय चढता येत नाही. उत्तराखंडातल्या नंदादेवी शिखराभोवतीचा आतला भाग १९८३ पासून बंद, आणि कांचनजंगा सिक्कीमच्या लोकांसाठी देव आहे, तिकडून चढाईला बंदी आहे आणि ती असायलाच हवी असं मला मनापासून वाटतं.

प्रश्नकर्ता: आभार! बाबांना गुरुशिखरचं सांगितलं, लगेच काठी शोधायला लागले.