मदत हवी आहे: उत्तेजक आणि शामक एकत्र घेतलं तर बॅलन्स का होत नाही? (अर्जंट)

निशाचर_९९
सगळीकडे शोधून झालं, डोकं आउट झालंय. एक पदार्थ मेंदू फास्ट करतो, दुसरा स्लो करतो, मग दोन्ही घेतले की माणूस मधोमध यायला हवा ना? जिथे बघावं तिथे "धोकादायक आहे" एवढंच, का ते कोणी सांगत नाही. आणि दारू जर शामक, तर लोक पिऊन नाचतात भांडतात कसे? उद्या सकाळपर्यंत हवंय, लिंक देऊ नका.

खडूस_काका
काय घेतलंयस, किती, कधी? हे न सांगता कोण काय सांगणार.

फार्मसीवाली
काकांना +१. सोबत कोणी आहे का? श्वास मंद झालाय, ओठ निळे पडतायत, हलवूनही जाग येत नाही असं काही असेल तर इथे टाइप करत बसू नका, आधी ॲम्ब्युलन्स. गोळीचं नाव सांगा.

पहाटपक्षी
मी कॉफी कायमची सोडली आणि रोज पहाटे पळायला जातो, आयुष्य बदललं. कुठल्याच उत्तेजकाची गरज नाही. करून बघा.

निशाचर_९९
अहो मी काहीच घेतलं नाहीये!! सेमिनार आहे, बीएस्सी दुसरं वर्ष. "मदत हवी" म्हटलं की लगेच ॲम्ब्युलन्स काय.

खडूस_काका
मग पहिल्या ओळीत सेमिनार लिहायला काय पैसे पडतात?

फार्मसीवाली
हुश्श. ऐक मग. ब्रेक आणि ॲक्सिलरेटरचं उदाहरण देणार असशील तर आत्ताच स्लाइडवरून काढ, सगळा घोळ तिथेच आहे. मेंदूत वेगाचं एकच बटण नाही, प्रत्येक पदार्थ वेगळ्या जागी काम करतो. कोकेन डोपामिन (पेशींमधला उत्साह वाढवणारा निरोप्या) परत आत ओढून घेणारा पंप अडवतं त्यामुळे डोपामिन पेशींच्या फटीत साचून राहतं, ॲम्फेटामिन तर तोच पंप उलटा चालवतं. दारू आणि डायझेपामसारख्या गोळ्या मात्र गाबाचा (पेशींना शांत करणाऱ्या रसायनाचा) परिणाम वाढवतात, म्हणजे पेशीत क्लोराइड शिरतं आणि ती सहज पेटत नाही, निरोप पाठवत नाही. शिवाय दारू ग्लुटामेटचे (पेशींना चेतवणाऱ्या रसायनाचे) एनएमडीए नावाचे रिसेप्टरही, म्हणजे पेशीवरच्या निरोप घेणाऱ्या जागाही, दाबते. दोघांच्या जागाच वेगळ्या, मग एकाने दुसऱ्याचं काम पुसलं जाईल कसं?

मेंदूवाला
हे ठीक, पण कॅफिन राहिलं. ते डोपामिनचा पंप वगैरे अडवत नाही, थकवा कळवणाऱ्या ॲडेनोसिनच्या रिसेप्टरवर नुसतं जाऊन बसतं आणि थकवा कळू देत नाही. थकवा तिथेच असतो.

बिनधास्त_बंड्या
म्हणूनच तर दारू उतरवायला कडक कॉफी, आमचा हमखास उपाय 😎

फार्मसीवाली
अजिबात नाही. रक्तातली दारू कॉफीने एक थेंब कमी होत नाही, लिव्हर आपल्याच गतीने काम करतं. फक्त झोप उडते आणि माणसाला वाटतं मी ठीक आहे, मग तो अजून पितो नाहीतर गाडी काढतो. अमेरिकेत २०१० मध्ये एफडीएने (तिथली अन्न-औषधांवर नजर ठेवणारी सरकारी संस्था) कॅफिन घातलेली मद्यपेयं विकणाऱ्या चार कंपन्यांना इशाऱ्याची पत्रं धाडली होती. सेमिनारला हे घाल.

बिनधास्त_बंड्या
आमच्यात कोणाला काही झालं नाही अजून.

मेंदूवाला
बंड्या, "अजून". @निशाचर_९९ दारू पिऊन नाचण्याचं उत्तर असं, की गाबाचा परिणाम वाढून कपाळामागच्या भागातल्या आवर घालणाऱ्या पेशी लवकर मंदावतात, शिवाय डोपामिनही थोडं वाढतं. पेशी दबल्या म्हणून माणूस लगेच दबत नाही, कुठल्या पेशी दबल्या ते बघायचं. अजून प्यायला की बोलणं, तोल, आणि खूपच झालं तर श्वास. श्वासाचं केंद्र मेंदूच्या देठात असतं.

निशाचर_९९
हे मस्त. पण दोन्ही एकत्रचं राहिलंच की! त्यावरच सर पकडणार.

फार्मसीवाली
कोकेन आणि हेरॉइन धर. कोकेनचा जोर साधारण तासाभरात ओसरायला लागतो, हेरॉइनचा जास्त टिकतो. जागं ठेवणारं निघून जातं आणि श्वास दाबणारं एकटं मागे राहतं, मरण येतं ते इथे. कोकेन आणि दारू असेल तर लिव्हरमध्ये कोकाइथिलीन नावाचा तिसराच पदार्थ बनतो, तो कोकेनपेक्षा जास्त वेळ राहतो आणि हृदयालाही त्रासदायक. मधोमध वगैरे काही नाही.

मेंदूवाला
हेरॉइन गाबावाल्या गटात टाकू नकोस हां, ते म्यू रिसेप्टरवर (अफूच्या जातीचे पदार्थ जिथे बसतात तिथे) काम करतं.

फार्मसीवाली
मी कुठे टाकलं?

मेंदूवाला
तुम्हाला नाही, त्याला सांगतोय.

खडूस_काका
आणि रोजची दारू एका झटक्यात सोडली की फिट येऊ शकते, हे कोणी बोललंच नाही. सवयीने गाबाची बाजू सुस्तावलेली, ग्लुटामेटची तापलेली, दारू गेली की तीच एकटी उसळते. डॉक्टरांच्या देखरेखीखालीच सोडायची.

पहाटपक्षी
पळण्याने पण डोपामिन वाढतं बरं का.

निशाचर_९९
काका ते सोडण्याचं सिलॅबसमध्ये नाही. लहान मुलांना एडीएचडीसाठी (लक्ष टिकत नाही, सतत चुळबुळ) मिथिलफेनिडेट देतात, ते उत्तेजक असून मुलं शांत का बसतात? हेही विचारतील बहुतेक. कोणी जागं आहे का?

फार्मसीवाली
आहे. मेंदूवाल्यांचा आवर घालणाऱ्या पेशींचा मुद्दा उलटा करून बघ, कमी डोसला तिथलंच डोपामिन आणि सावध ठेवणारं नॉरॲड्रेनालिन वाढतं, लक्ष टिकतं, चुळबुळ कमी होते. डोस वाढवला की मात्र तेच औषध अस्वस्थ करतं. आणि हेरॉइनला वेगळी स्लाइड कर, सर तिथे नक्की अडवतील.