अ‍ॅनाबीना ७१२०: एमआरई-बी काढलं, तरी एकाच तंतूत काही पेशी गोल आणि काही नेहमीसारख्या का?

प्रश्न – तंतुमय
अ‍ॅनाबीना पीसीसी ७१२० (तंतुरूप नीलहरित जिवाणू) मध्ये पेशीचा आकार राखणाऱ्या एमआरई-बी जनुकाचा तुकडा काढून तिथे ओमेगा कॅसेट (स्पेक्टिनोमायसिन-स्ट्रेप्टोमायसिनला तग देणारा डीएनए तुकडा) घातली आहे (वाहक प्लाझ्मिडवर सॅक-बी, म्हणजे साखर असेल तर पेशी मारणारं जनुक). तंतूत चार-पाच पेशी फुगून गोल दिसतात, शेजारच्या मात्र जशाच्या तशा. पीसीआरला दोन बँड येतात, एक मूळ जनुकाचा आणि एक कॅसेटवाला. या जनुकाशिवाय पेशी जगतच नाही, असं समजायचं का?

उत्तर – नीलहरित
इतक्यात तसं ठरवू नका. सिनेकोकॉकस ७९४२ या दुसऱ्या नीलहरित जिवाणूला एमआरई-बी लागतंच, अ‍ॅनाबीनाचं तसं नाही. ते गेलं तरी पेशी रुंद, गोलसर होऊन वाढत राहतात. अडचण वेगळी आहे: एका पेशीत गुणसूत्राच्या सरासरी आठेक प्रती असतात आणि त्यातल्या काहीच बदलल्यात. विभाजनात त्या कशाही वाटल्या जातात, म्हणून आकारही पेशीगणिक वेगळा.

सगळ्या प्रती बदललेली पेशी वेगळी काढायला तंतू तोडावे लागतील. वाढ (कल्चर) बाथ सोनिकेटरमध्ये (ध्वनिलहरींनी तंतू तोडणारं उपकरण) थोडा थोडा वेळ धरा आणि दर वेळी थेंब तपासा. बहुतेक तुकडे एक-दोन पेशींचे झाले की थांबा. पुढे गेलात तर पेशीच फुटतात. रात्रभर मंद उजेडात सावरू द्या. मग ५ टक्के साखर आणि मिलिलिटरला स्पेक्टिनोमायसिन व स्ट्रेप्टोमायसिन प्रत्येकी ५ मायक्रोग्रॅम अशा प्लेटवर पसरा. लांब तंतू तसाच लावला तर वसाहत मिश्रच निघणार.

साखरेवर वाढलं म्हणजे काम झालं, असं मात्र नाही. अ‍ॅनाबीनाचे स्वतःचे आयएस घटक (जागा बदलणारे डीएनए तुकडे) सॅक-बीमध्ये घुसून ते बंद पाडतात. त्यामुळे वाहक प्लाझ्मिड ज्या अँटिबायोटिकला तग देतो ते लावून बघा, तिथे वसाहत मेली पाहिजे. शिवाय कॅसेटने जो तुकडा हटवला, त्याच्या आतला एक प्रायमर घेऊन पीसीआर करा. त्यात बँड अजिबात नको.

उत्तर – पेशीभिंत
ओमेगा कॅसेटच्या दोन्ही टोकांना टर्मिनेटर (जनुकाचं वाचन थांबवणारे भाग) असतात. आकाराशीच संबंधित एमआरई-सी आणि एमआरई-डी ही जनुकं लगेच पुढे आहेत, तेही बंद पडतील आणि आकार नेमका कोणामुळे बिघडला ते कळणार नाही. पेट-ई प्रवर्तकाखाली (तांब्याने चालू होणारा जनुकाचा स्विच) एकटं एमआरई-बी परत देऊन पाहा. साध्या बीजी-११ माध्यमात ०.३ मायक्रोमोलर तांबं असतंच, म्हणजे प्रवर्तक आधीपासून चालू. तांबं वगळलेलं माध्यम करा आणि ते हळूहळू वाढवा. प्रमाण जास्त झालं तर पेशी तंतूच्या दिशेने लांबतात. तो आकार पूर्ववत झाल्याचा पुरावा नव्हे.

प्रश्नकर्ता – तंतुमय
पेशींच्या लांबी-रुंदीचं मोजमाप क्लोरोफिलच्या चमकीवरून चालेल?

उत्तर – नीलहरित
नको. ती थायलाकॉइडची (क्लोरोफिल असलेल्या आतल्या पडद्यांची) कड दाखवते, भिंतीची नाही. पेशीभिंतीला चिकटणारं चमकणारं व्हँकोमायसिन वापरा, त्यात आडपडदेही उठून दिसतात. लांबी-रुंदीचं गुणोत्तर काढताना हेटेरोसिस्ट (हवेतला नत्र बांधणाऱ्या खास पेशी) आणि अर्धवट विभागलेल्या पेशी वगळा. मूळ वाण आणि उत्परिवर्ती एकाच घनतेला, एकाच नत्रस्रोतावर हवेत. नायट्रेटवरच्या आणि हवेतल्या नत्रावरच्या पेशी मुळातच सारख्या नसतात. दिवेही सारखे ठेवा. फ्रेमिएला डिप्लोसिफॉन या तंतुरूप नीलहरित जिवाणूत तर नुसत्या तांबड्या उजेडात पेशी गोल आणि हिरव्यात लांबट होतात: तिथे तांबड्यात बोल-ए हे प्रथिन वाढून एमआरई-बी दाबलं जातं.