शब्दचर्चा : ‘लिनक्सचा सपोर्ट आहे’ हे मराठीत कसं लिहाल?

मूळ प्रश्न

नमस्कार मंडळी. खुल्या हार्डवेअरच्या लॅपटॉपवर एक मराठी माहितीपुस्तिका लिहायला घेतली आहे. नमुना म्हणून बर्लिनच्या एमएनटी रिसर्चचा ‘रिफॉर्म’ समोर ठेवलाय. २०२० मध्ये लोकवर्गणीतून उभा राहिलेला हा लॅपटॉप. त्याचे आराखडे कुणालाही बघता येतात, बदलता येतात. आत १८६५० मापाचे आठ सेल आहेत, विजेरीतल्यासारखे एकेक काढता-घालता येणारे. हे सगळं मराठीत सहज उतरलं. गाडी अडली ती एका साध्या वाक्यावर : ‘कर्नल आणि ड्रायव्हरचा सपोर्ट आहे.’ (कर्नल म्हणजे लिनक्स या संगणक चालवणाऱ्या प्रणालीचा सर्वांत आतला भाग, ड्रायव्हर म्हणजे त्याला एखादं उपकरण वापरता यावं यासाठीचा प्रोग्राम.)

‘हे उपकरण समर्थित नाही’ असं पडद्यावर वाचलं की मला दर वेळी खटकतं. समर्थन आपण भूमिकेचं करतो, निर्णयाचं करतो. पाठिंबा सरकारला असतो किंवा संपाला. ‘आधार’ म्हटलं की हल्ली आधी कार्ड आठवतं. शिवाय ‘कर्नल’ लिहिल्यावर माझ्या आईने विचारलं, लष्करातले का? गाभा लिहू? आणि ड्रायव्हरला चालक?

प्रतिसाद

ताई, कर्नलपुरतं सांगतो. इंग्रजीतला हा शब्द ‘कॉर्न’ म्हणजे दाण्यापासून आलाय. कर्नल म्हणजे छोटा दाणा, कवचाच्या आतला खाण्याजोगा भाग. आपल्याकडे त्याला नेमका शब्द आहे, मगज. टरबुजाच्या बियांचा मगज आपण बर्फीवर लावतो तो. पण मराठीत मगज म्हणजे मेंदूही, आणि लोकांना वाटेल कर्नल म्हणजे संगणकाचा मेंदू, जे प्रोसेसरबद्दल बोलतात. म्हणून गाभा बरा. ‘गर्भ’वरून आलेला, गाभाऱ्याचा सख्खा भाऊ. पहिल्यांदा ‘लिनक्सचा गाभा, म्हणजे कर्नल’ असं लिहा आणि पुढे कर्नलच ठेवा. लष्करातल्या कर्नलशी गोंधळ एका वाक्यात मिटतो.

प्रतिसाद

‘चालक’ मला पटत नाही. एसटीत चालक वेगळा आणि वाहक वेगळा, हे लहान पोराला कळतं. चालक म्हटलं की स्टिअरिंगवर बसलेला माणूस दिसतो, कुठलीही बस हाकणारा. ड्रायव्हर तसा नसतो. त्याला एकच उपकरण, फार तर एका कुळातली चार उपकरणं कळतात. समजावून सांगताना मी ‘माहूत’ म्हणतो. हत्ती आणि त्याच्या खुणा ओळखणारा माहूत. वरून हुकूम कुणाचाही येवो, हत्तीला तो माहुताकडूनच कळणार.

ग्राफिक्स चिपचा किस्सा पुस्तिकेत नक्की घ्या. पहिल्या रिफॉर्ममध्ये एनएक्सपी या कंपनीची आयएमएक्स८एम चिप आहे आणि तिच्यात विवांते कंपनीचा ग्राफिक्स भाग. या कुळाचा पूर्ण मोकळा ड्रायव्हर कंपनीने दिला नाही. काही मंडळींनी कंपनीचा बंद ड्रायव्हर चिपला कोणते हुकूम सोडतो हे टिपत टिपत तिची भाषा उलगडली आणि स्वतःचा ड्रायव्हर लिहिला. त्याचं नाव एटनाविव. रोमन लिपीतलं ‘विवांते’ उलट्या बाजूने वाचलं की हेच नाव मिळतं! कर्नलच्या ४.५ आवृत्तीत, २०१६ साली, तो मुख्य कर्नलमध्ये, म्हणजे सगळ्यांच्या सामायिक मूळ कोडमध्ये, दाखल झाला. रिफॉर्म विकायला येण्याच्या चार वर्षं आधी. म्हणून त्या लॅपटॉपला पहिल्या दिवसापासून मोकळा ड्रायव्हर मिळाला.

प्रतिसाद

वरच्या प्रतिसादात एक शब्द नकळत येऊन गेलाय, ‘दाखल झाला’. ताई, तुमच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर त्यातच आहे.

‘सपोर्ट’ या एका शब्दात तीन वेगळ्या गोष्टी कोंबलेल्या असतात. मला हे पैसे मोजून कळलं. काही वर्षांपूर्वी एक छोटा संगणक घेतला, खोक्यावर ठळक अक्षरात ‘लिनक्स सपोर्ट’. चालू केला, वायफाय लागलं, पडदा लागला, सगळं छान. सहा महिन्यांनी नवा कर्नल टाकला आणि पडदा काळा. चौकशी केली तेव्हा कळलं की विकणाऱ्याने एक जुना कर्नल घेऊन त्याला स्वतःची ठिगळं लावली होती, ती ठिगळं मुख्य कर्नलकडे कधीच पाठवली नव्हती, आणि पुढच्या मॉडेलच्या नादात आमच्या मॉडेलकडे बघायला कुणी उरलं नव्हतं. खोक्यावरचं वाक्य खोटं नव्हतं. ‘चालतं’ एवढ्याच अर्थाने ते खरं होतं.

म्हणून मी तीन क्रियापदं वेगळी ठेवतो. चालतं. मुख्य कर्नलमध्ये दाखल आहे. आणि कुणीतरी सांभाळतंय. हे काम करणाऱ्या ‘मेंटेनर’ला मी ‘सांभाळणारा’ म्हणतो, व्यवस्थापक किंवा देखभालकर्ता नाही. दुसऱ्याचं पोर सांभाळावं तसं दुसऱ्याने लिहिलेलं काम हे लोक वर्षानुवर्षं बघत असतात.

शेतकऱ्याला सांगायचं तर मुख्य कर्नल हा कालवा आणि डेबियन वगैरे वितरणं (लिनक्सचे वापरायला तयार संच) म्हणजे त्याच्यावरच्या चाऱ्या. ड्रायव्हर कालव्यात सोडला की प्रत्येक चारीला आपसूक पोचतो. आपल्याच शेतात खड्डा खणून भरलेलं पाणी तिथंच आटतं.

मूळ प्रश्नकर्ती

दादा, ‘दाखल’ घेतला! आता पुढची अडचण. ‘डिव्हाइस ट्री’ला मी ‘उपकरणवृक्ष’ लिहिलंय. वाचणाऱ्याला झाड दिसेल, पण त्याचं काम कळेल का?

प्रतिसाद

नाही कळणार. यूएसबीला कीबोर्ड जोडला की तो स्वतःची ओळख सांगतो : मी अमक्या कंपनीचा, माझा क्रमांक अमुक. चिपच्या आतले भाग असं काही सांगत नाहीत. कुठल्या पत्त्यावर कोणता भाग आहे, त्याला वीज कुठून मिळते, घड्याळ कोणतं, हे कुणीतरी आधी लिहून ठेवावं लागतं. जमीन बोलत नाही, सातबारा बघावा लागतो, तसंच. डिव्हाइस ट्री हा बोर्डाचा सातबारा.

पूर्वी एआरएम प्रकारच्या चिप असलेल्या प्रत्येक बोर्डाची ही माहिती कर्नलच्या कोडमध्येच घुसडत. पसारा इतका वाढला की २०११ मध्ये लिनक्सचे जनक लिनस तोर्वाल्ड्स जाहीरपणे वैतागले, आणि त्यानंतर ही माहिती वेगळ्या फायलींत न्यायचं काम जोरात सुरू झालं. रिफॉर्मची फाइल मुख्य कर्नलमध्ये आहे. ती ज्या फोल्डरमध्ये आहे त्याचं नाव आजही ‘फ्रीस्केल’, ती कंपनी २०१५ मध्ये एनएक्सपीत विलीन झाली तरी. उताऱ्यावर आजोबांचं नाव राहून जातं ना, अगदी तसं.

फाइलीत वरच एक ओळ आहे, ‘कंपॅटिबल’. तिच्यात तीन नावं ओळीने : आधी रिफॉर्म, मग आतलं नायट्रोजन८एम मॉड्युल, शेवटी आयएमएक्स८एमक्यू चिप. आपण पत्ता लिहितो तो क्रम हाच. मु. पो., तालुका, जिल्हा. कर्नल आधी घर शोधतो, नाही सापडलं तर तालुक्यावर येतो, तेही नाही तर जिल्ह्यावर. ‘सुसंगत’ लिहून यातलं काहीच कळत नाही.

प्रतिसाद

‘उपकरणवृक्ष’पेक्षा ‘उपकरण-उतारा’ कसं वाटतं? गावाकडे ‘उतारा काढून आण’ म्हटलं की पुढे विचारावं लागत नाही.

प्रतिसाद

उतारा छान आहे. मात्र उताऱ्याला दारू उतरवणं, दृष्ट काढून ठेवलेला भात असेही अर्थ आहेत. संदर्भाने निभावेल म्हणा.

दुसरं, पुस्तिकेच्या शीर्षकात ‘मुक्त’ की ‘खुलं’ ते ठरवा. मराठीत मुक्त आधीच रुळलाय, नाशिकचं मुक्त विद्यापीठ १९८९ पासून आहे. पण ‘मुक्त हार्डवेअर’ म्हटलं तर सगळंच मोकळं असल्याचा समज होईल. रिफॉर्मच्या बोर्डाचे आराखडे सर्न या युरोपीय संशोधनसंस्थेच्या खुल्या हार्डवेअर परवान्याखाली आहेत, चिपच्या पोटातली रचना मात्र एनएक्सपीचीच. मेमरी सुरू करताना आणि बाहेरचा एचडीएमआय पडदा वापरताना कंपनीची बंद फर्मवेअर, म्हणजे चिपच्या भागांत भरायचा तयार प्रोग्राम, लागते, तिचा स्रोत कुणाला दिसत नाही. लॅपटॉपचा स्वतःचा पडदा वेगळ्या वाटेने जोडल्यामुळे त्याचं त्या एचडीएमआयच्या फर्मवेअरवाचून अडत नाही. हे वाचकाला सरळ सांगा. म्हणून माझं मत ‘खुलं’. आणि अशा बंद फर्मवेअरला इंग्रजीत ‘ब्लॉब’ म्हणतात, त्याला ‘बंद गोळा’.

मूळ प्रश्नकर्ती

सगळ्यांचे मनापासून आभार. ‘समर्थित’ सगळीकडून काढून टाकला. आत्ताचा मसुदा असा :

‘पहिल्या रिफॉर्मच्या ग्राफिक्सचा ड्रायव्हर मुख्य कर्नलमध्ये ४.५ पासून दाखल आहे. बोर्डाचा उपकरण-उतारा, म्हणजे डिव्हाइस ट्री, मुख्य कर्नलमध्ये आहे. मेमरीसाठी आणि एचडीएमआयसाठी बंद गोळा लागतो. नव्या आरके३५८८ चिपच्या मॉड्युलच्या ग्राफिक्ससाठी पँथर हा ड्रायव्हर ६.१० मध्ये, २०२४ साली, दाखल झाला.’

प्रतिसाद

ताई, ‘पँथर’ नको, ‘पँथॉर’ लिहा. शेवटी ‘थॉर’ आहे. महाराष्ट्रात ‘पँथर’ या शब्दाला स्वतःचा इतिहास आहे, उगाच गल्लत नको.